पहिल्या तासापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नाचणगाव येथे केलेले भाषण)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाची पदविका घेतली आणि उभे आयुष्य खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत खडू झिजविण्यात गेले. समोर बसलेली सत्कारमूर्ती मंडळी एम.ए., एम.एस्सी., एम.टेक. झालेली आहेत. कोणी नागपूरच्या, कोणी अमरावतीच्या विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदविले आहे. अशा विद्वान मुलांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार तो काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आमच्याही मनात आला. परंतु विचारांती असे वाटले की, ज्या एका गोष्टीत आमचे केस पिकले ती गोष्ट या मुलांस त्यांच्या कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात शिकविलेली नाही. ती गोष्ट म्हणजे वर्गापुढे उभे राहून शिकविणे. आणि येत्या वर्षात यांपैकी बहुतेकांस ते करावे लागणार आहे. सबब आज आम्ही त्याच विषयावर बोलणार आहोत.

आमच्या लहानपणी पुलगावच्या गिरणीत किंवा दारूगोळ्याच्या डेपोत मुलाचे नाव लागले म्हणजे घराचे भाग्य उघडले, असे आमचे वडीलधारे मानीत. पुढे गिरणी बंद पडली. शेतीचे हाल आपण सर्व जाणताच. अशा स्थितीत आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांस शिकविले. बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्थांच्या अधिछात्रवृत्तीने पुढची वाट मोकळी केली. त्यामुळे ज्या घरांत पूर्वी चौथीपुढे कोणी गेले नव्हते, त्या घरांतील मुलेमुली आज संशोधन करीत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहेच. परंतु संशोधक विद्यार्थ्यावर आणखी एक काम येते, ते घरच्यांस ठाऊक नसते आणि पुष्कळदा त्या विद्यार्थ्यासही ठाऊक नसते. खालच्या वर्गांची ट्युटोरियले घेणे, प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके करवून घेणे, उत्तरपत्रिका तपासणे, ही कामे त्याच्याकडे येतात. मोठ्या तंत्रशिक्षण संस्थांत एम.टेक.च्या विद्यार्थ्यासही हे काम आठवड्यास काही तास करावे लागते. काल जो बाकावर बसत होता तो आज एकाएकी फळ्यापाशी उभा राहतो. मधल्या चार पावलांत त्याला कोणी काही सांगत नाही.

या चार पावलांत काय घडू शकते, ते आम्ही एका प्रसंगाने सांगतो. प्रसंग आपल्याच समाजातील आहे. ज्यांचा आहे त्या दोघांच्याही संमतीने सांगत आहोत. नावे मात्र घेणार नाही.

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा काही वर्षांपूर्वी शहरातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेस गेला. दहावीपर्यंत सारे शिक्षण मराठीत झालेले. दिवाळीच्या सुटीत घरी आला तो परत गेलाच नाही. बापाने समजाविले, आम्हीही समजावून पाहिले. कारण विचारले तेव्हा पुष्कळ वेळ तो खाली मान घालून बसला आणि मग एवढेच म्हणाला, “गुरुजी, मी इचारलं त सारे हासले. मंग मी इचारनंच सोडलं.” झाले होते ते असे. प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याने एक प्रश्न विचारला. तेथे देखरेखीस असलेल्या तरुण सहायकाने, “हे तर अकरावीतच यायला हवे होते,” असे म्हणून हात झटकले. वर्ग हसला. त्या दिवसापासून हा मुलगा मागच्या रांगेत उभा राहू लागला. पुढे प्रात्यक्षिकास जाईनासा झाला. शेवटी गाडीत बसून घरी आला.

आम्हांस त्या अनोळखी सहायकाचा फार राग आला. पुढे दोन वर्षांनी आपल्याच समाजातील एक संशोधक विद्यार्थी आमच्याकडे आला आणि बोलता बोलता त्याने डोळ्यांस पाणी आणून सांगितले की, तो सहायक तोच. आम्ही अवाक् झालो. त्याने जे पुढे सांगितले ते आम्ही आजवर विसरलो नाही. तो म्हणाला, “गुरुजी, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मलाच येत नव्हते. माझा तो तिसरा दिवस होता. मला येत नाही हे वर्गाला कळेल, या भीतीने मी तसे बोललो.”

बंधुभगिनींनो, त्या सहायकाचा याच मंडळाने शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला होता. त्याच्या पदवीचे कौतुक आम्ही सर्वांनी केले. परंतु “बाळ, आता तुला शिकवावे लागेल, त्याची तयारी काय?” असे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. आम्ही तर आयुष्यभर शिकविण्याचा धंदा केलेला, आम्हीही विचारले नाही. म्हणून या प्रकरणात दोष वाटायचा झाल्यास मोठा वाटा आमच्या पदरी येतो. घरी परत आलेला मुलगा आज एका दुकानात कामास आहे. प्रामाणिक कष्टाच्या कामात कमीपणा नाही. पण ते काम त्याने निवडले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

आता कोणी म्हणेल की, ज्याला विषय उत्तम येतो त्याला शिकविणे आपोआप येते. हा समज फार जुना आहे आणि आपल्या व्यवस्थेने तो जणू मान्यच केला आहे. पहिलीतील बालकास अक्षरे शिकविणाऱ्यास दोन वर्षांची पदविका लागते. हायस्कुलात शिकविणाऱ्यास बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकविणाऱ्यास पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट अथवा पीएच.डी. लागते, शिकविण्याचे वेगळे शिक्षण मागत नाहीत. म्हणजे जसजसे वर चढावे तसतसे विषयाचे ओझे वाढते आणि अध्यापनाची शिदोरी कमी होते. नेमणुकीनंतर प्राध्यापकांसाठी वर्ग भरतात आणि 2019 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘गुरुदक्षता’ या नावाने नवागत प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शिकाही काढली. परंतु ज्याची अजून नेमणूकच झालेली नाही, तो संशोधक सहायक या सोयीच्या बाहेर राहतो.

आयोगाच्या हे ध्यानात आलेले दिसते. 7 नोव्हेंबर 2022 रोजी प्रसिद्ध झालेल्या पीएच.डी.च्या नियमांत असे म्हटले आहे की, विषय कोणताही असो, संशोधक विद्यार्थ्यास अध्यापनाचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. तसेच ट्युटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्यास 4 ते 6 तासांचे साहाय्याचे काम देता येईल. नियम चांगला आहे. परंतु आम्ही इतकी वर्षे सरकारी शाळेत काढली आहेत. कागदावरचा नियम आणि वर्गातले आचरण यांत किती अंतर असते, ते आम्हांस कोणी सांगावयास नको. ते अंतर माणसांनीच भरून काढावे लागते.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविण्याची ही रीत आपल्या देशास नवी नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत वरची मुले खालच्या मुलांकडून धुळाक्षरे गिरवून घेत. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासेस सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. आपल्या शाळेतही त्याने हाच क्रम लावला आणि शिकविण्याचे काम मोठ्या मुलांकडे दिले. 1797 साली त्याने त्यावर लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. आमच्या दोनशिक्षकी शाळेत आम्हीही चौथीची मुले पहिलीच्या मुलांपाशी बसवीत असू. तेथे आम्हांस एक अनुभव आला. वर्गातील सर्वांत हुशार मुलापेक्षा, ज्याला बेरजेतील हातचा नुकताच आणि कष्टाने समजला आहे तो मुलगा खालच्या मुलास अधिक चांगला शिकवी. कारण पाय कोठे अडखळतो ते त्याला आठवत असे. तरुण मित्रांनो, मोठ्या प्राध्यापकांपाशी नसलेला हा एक गुण तुमच्यापाशी आहे. तुम्ही कोठे अडला होता ते तुम्हांस अजून आठवते. ते लपवू नका. तेच तुमचे भांडवल आहे.

महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर महाराष्ट्रात या कामाची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. इंग्रजी अमलात त्या निधीतून 1821 साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे 1849 साली लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी अर्ज केला की, त्यातील पैसा उपयुक्त मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा. त्या वेळी विरोध झाला तेव्हा महात्मा जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतरच्या काळात त्याच निधीतून महाविद्यालयांतील हुशार तरुणांस फेलोशिप मिळू लागली. या तरुणांस ‘दक्षिणा फेलो’ म्हणत. स्वतःचा पुढील अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांस शिकवावे, असे त्यांचे काम असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे असे दक्षिणा फेलो होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. गोपाळ गणेश आगरकर एम.ए.चा अभ्यास करीत असता डेक्कन कॉलेजात फेलो होते. जी दक्षिणा जन्माकडे पाहून दिली जात होती ती शिकण्यासाठी आणि शिकविण्यासाठी दिली जाऊ लागली, हा बदल लहान नव्हे. आज आपल्या मुलांस मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीकडे आम्ही याच नजरेने पाहतो. त्या पैशाच्या पाठीमागे शिकविण्याचे ऋण उभे आहे.

यांपैकी भांडारकरांचे उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. संस्कृताचा एवढा प्रकांड पंडित. पण हायस्कुलात हेडमास्तर असताना त्याने मुलांसाठी संस्कृताचे पहिले व दुसरे पुस्तक लिहिले. त्यातील पहिले ‘मार्गोपदेशिका’ पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. जो शिखरावर चढू शकत होता तो पहिल्या पायरीवर बसून मुलांची वाट पाहत होता. सावित्रीबाई फुल्यांचेही तसेच. मुलींस शिकविण्याचे काम हाती घेतले तेव्हा त्यांनी शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतले. त्यासाठी अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या शाळेत त्या शिकल्या. समाजाने ज्यांच्यावर शेण फेकले त्या बाईसुद्धा वर्गात अपुऱ्या तयारीने गेल्या नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

आणि एवढे दूर तरी कशास जावे? येथून तासाभराच्या वाटेवर वर्धा आहे. 1937 सालच्या ऑक्टोबरात 22 व 23 तारखांस वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तीतून नयी तालीम जन्मास आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम ठरविण्यास समिती नेमली गेली. त्या समितीने मुलांच्या अभ्यासक्रमाबरोबर शिक्षकांच्या तयारीचाही स्वतंत्र विचार केला. पूर्ण तयारीस तीन वर्षे सुचविली आणि घाईची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा क्रम सुचविला. सेवाग्रामात आर्यनायकम् पतिपत्नींनी हे काम पुढे नेले. देशाला शिक्षकांची निकड असतानाही त्या मंडळींस एका वर्षाहून कमी तयारी पुरेशी वाटली नाही. आम्ही आमच्या सहायकांस एक दिवसही देत नाही. ज्या जिल्ह्याने देशाला शिक्षक घडविण्याचा विचार दिला, त्या जिल्ह्यातील मुलांनी तरी रिकाम्या हाताने वर्गात जाऊ नये.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे आम्ही जन्मतःच शिक्षक होतो असा कोणाचा गैरसमज राहणार नाही. पहिली नेमणूक झाली तेव्हा आमचे वय विशीचे. पदविका होती, सराव पाठ झाले होते, अंगात उत्साह होता. चौथीस अपूर्णांक शिकविले. प्रत्येक उदाहरणानंतर आम्ही विचारीत असू, “समजले काय?” आणि सारा वर्ग एका सुरात म्हणे, “हो, गुरुजी!” आम्ही खूष. आठ दिवसांनी मोठे गुरुजी न सांगता येऊन मागच्या तरटावर बसले. तास संपल्यावर त्यांनी एका मुलास विचारले, “अर्धा मोठा की एक तृतीयांश?” मुलगा म्हणाला, “एक तृतीयांश, कारण तीन मोठे.” आणखी चौघांस विचारले. चौघांचेही तेच उत्तर. मोठ्या गुरुजींनी मुलांदेखत आम्हांस एक अक्षरही बोलले नाही. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात चहा पिताना म्हणाले, “गुरुजी, तुम्ही छान बोलता, पण फळ्याशी बोलता. उद्या जरा मुलांशी बोलून पाहा.” पुढील महिनाभर ते आठवड्यातून एकदा येऊन मागे बसत आणि दर वेळी एकच दोष सांगत. दुसरा दोष पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवीत. आज आम्ही जे काही आहोत ते त्या मागच्या तरटामुळे आहोत.

त्या अनुभवावरून आणि पुढील वर्षांच्या चुकांवरून काही गोष्टी तरुण मित्रांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, तासापूर्वी टाचण काढा. त्यात तीनच बाबी पुरेत: आज मुलांना काय करता आले पाहिजे, त्यासाठी कोणते उदाहरण देणार, आणि ते आले की नाही हे कोणत्या प्रश्नाने पाहणार. प्रात्यक्षिक असेल तर आदल्या दिवशी ते स्वतःच्या हाताने करा. गणिते असतील तर सर्व सोडवून पाहा. वर्गही आधी पाहून या. फळ्यावर काढलेले अक्षर शेवटच्या बाकावरून दिसते की नाही, ते तेथे बसल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट, “समजले काय?” हा प्रश्न सोडून द्या. त्याचे उत्तर नेहमी “हो” असेच येते. त्याऐवजी, “हे करून दाखवा,” “हे तुमच्या शब्दांत शेजाऱ्यास सांगा,” असे म्हणा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजा. नवशिक्या शिक्षकास शांतता सोसवत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. विचार करणाऱ्या मुलास त्या शांततेचीच गरज असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. “मला हे आत्ता सांगता येत नाही, उद्या पाहून सांगतो,” हे वाक्य पहिल्या तासापूर्वी घरी आरशापुढे म्हणून पाहा. ते म्हणण्याची लाज वाटू देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी न विसरता उत्तर द्या. विद्यार्थी तुमच्या अज्ञानाची क्षमा करतात. अपमानाची करीत नाहीत. मघा सांगितलेल्या प्रसंगात हे एक वाक्य उच्चारले गेले असते तर एक मुलगा आज पदवीधर असता.

चौथी गोष्ट भाषेची. पुस्तक इंग्रजी असेल, परीक्षाही इंग्रजीत असेल. परंतु पुष्कळ मुलांच्या मनात समजण्याची क्रिया मराठीतच होते. पारिभाषिक शब्द इंग्रजीत सांगा, फळ्यावर लिहा आणि त्याचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत फोडून सांगा. समोर हिंदी किंवा अन्य भाषेची मुले असतील तर त्यांचीही आठवण ठेवा. तुम्ही स्वतः या अडचणीतून गेला आहात, म्हणून हे काम तुमच्याइतके कोणास साधणार नाही.

पाचवी गोष्ट तपासणीची. उत्तरपत्रिका हाती घेण्यापूर्वी गुणांची वाटणी लिहून ठेवा. आधी सर्वांचा पहिला प्रश्न तपासा, मग सर्वांचा दुसरा. असे केल्याने शेवटच्या मुलास तुमच्या थकव्याची शिक्षा होत नाही. नावाचे पान शक्यतो झाकून ठेवा. नुसता लाल फुलीचा मारा करू नका. चूक कोठे सुरू झाली तेथे एक खूण करा.

सहावी गोष्ट मर्यादेची. तुमच्यात आणि विद्यार्थ्यांत वयाचे अंतर दोनचार वर्षांचे. मैत्री जरूर असावी. पण गुण देणाऱ्याने कोणाचा मिंधा होऊ नये. ज्यांचे पेपर आपण तपासतो त्यांच्या खासगी शिकवण्या घेऊ नयेत. मुलामुलींशी सारखे वागावे आणि बोलणे चारचौघांत असावे. तसेच स्वतःच्या संशोधनाचीही मर्यादा सांभाळा. नेमून दिलेल्या तासांपेक्षा काम वाढत चालले तर मार्गदर्शकांस नम्रपणे, पण स्पष्ट सांगा.

येथे आणखी एक बोलणे अवश्य आहे. आपण एका समाजाच्या मेळाव्यात बसलो आहोत; परंतु तुमच्या वर्गात सर्व समाजांची मुले बसलेली असतील. मागच्या बाकावर घाबरून बसलेला मुलगा कोणाचा आहे, हे पाहण्याचा अधिकार शिक्षकास नाही. आपल्या माणसांनी आजवर जे सोसले ते दुसऱ्या कोणाच्या लेकराने तुमच्या वर्गात सोसू नये, एवढीच आमची अपेक्षा.

उपदेश येथे संपला. आता मंडळापुढे एक सूचना ठेवतो. अध्यापक विद्यालयांत सूक्ष्म अध्यापन नावाची एक रीत आहे. 1963 च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन यांनी ती सुरू केली आणि पुढे आपल्याकडे तिला देशी रूप मिळाले. सहा मिनिटे एकच लहानसा भाग शिकवावा. पुढील सहा मिनिटांत पाहणाऱ्यांनी गुणदोष सांगावेत. बारा मिनिटांत पाठ नव्याने जुळवावा. पुन्हा सहा मिनिटे शिकवावे आणि पुन्हा सहा मिनिटे ऐकून घ्यावे. एकूण 36 मिनिटे. यास ना यंत्र लागते ना मोठा खर्च.

आमची विनंती अशी की, येत्या उन्हाळी सुटीत मंडळाने येथे नाचणगावी सात दिवसांचा असा वर्ग भरवावा. ज्यांस प्रथमच शिकवावयाचे आहे त्या पदवीधरांनी रोज एकदा उभे राहावे. समोर गावातील दहावी-बारावीची मुले बसतील. मागे आम्ही सेवानिवृत्त शिक्षक वही घेऊन बसू आणि आमच्या मोठ्या गुरुजींप्रमाणे दर वेळी एकच दोष सांगू. खर्च चहाचा आणि खडूचा. हार-शालींतील थोडी बचत केली तरी तो निघेल. प्रमाणपत्र देण्याची गरज नाही. आणि या वर्गाचे दार कोणत्याही समाजाच्या मुलास बंद असू नये.

कोणी विचारील, मॅट्रिक झालेला मास्तर रसायनशास्त्राच्या किंवा संगणकाच्या पाठात दोष काय काढणार? त्याचे उत्तर आमच्या अज्ञानातच आहे. तुमचा विषय आम्हांस मुळीच येत नाही. म्हणून सहा मिनिटांच्या अखेरीस आम्हांस त्यातील एखादी गोष्ट समजली, तर खेड्यातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलासही ती समजेल. आम्ही मागच्या बाकावरचे विद्यार्थी होण्यास तयार आहोत. या कामासाठी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.

शिकणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव कोणाचे आहे, तेही सांगतो. मघा ज्या सहायकाची हकीकत सांगितली तो या सभेतच बसला आहे. आठ दिवसांपूर्वी आम्ही ही कल्पना त्याच्यापाशी बोललो, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, माझे नाव आधी लिहा. आणि समोर बसणाऱ्यांत त्यालाही बोलवा.” तो मुलगा येईल की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. न येण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. आम्ही स्वतः जाऊन त्याला निमंत्रण देणार आहोत.

मंडळाने या सूचनेचा विचार करावा आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी आजच चिटणीसांकडे नावे द्यावीत, अशी विनंती करून आणि तरुण मित्रांच्या पहिल्या तासास अंतःकरणपूर्वक आशीर्वाद देऊन आम्ही आमचे भाषण पुरे करतो.

जय हिंद!